सहा स्वच्छ स्लाइड्स

१

वहिनींनी माझ्या जेवणाच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "बाई, यातला खोटा कुठला?"

दोन्ही कागद एकाच प्रयोगशाळेचे. त्या प्रयोगशाळेत मी सत्तावीस वर्षं पॅथॉलॉजिस्ट म्हणून मायक्रोस्कोपला डोळे लावून बसले, म्हणून वरचा शिक्का वाचायचीही मला गरज पडली नाही. पहिला कागद तीन वर्षांपूर्वीचा: उजव्या कानाखालची लाळग्रंथी, साधी गाठ, कर्करोग नाही. दुसरा आठ दिवसांपूर्वीचा. तोच कान, तोच माणूस. कर्करोग, मज्जातंतूंना वेढून पसरलेला.

माणूस म्हणजे आमचे दादा. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेले शरीराचे तुकडे यंत्रावर कापून काचेवर चढवायचे, हे त्यांचं काम, एकतीस वर्षांचं. कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा पातळ काप काढायचे आणि कापताना शीळ घालायचे. शीळ चालू असली की आम्ही समजायचो, काप सरळ येताहेत. थांबली की कुणीतरी आतून ओरडायचं, "काय दादा, पातं बोथट झालं का?"

"दोन महिन्यांपूर्वी म्हणाले, शीळ येत नाही," वहिनी सांगत होत्या. "मी हसले हो. म्हटलं, वय झालं तुमचं. मग पाणी पिताना एका बाजूने ओघळायला लागलं. आता उजवा डोळा मिटत नाही. झोपलेत की जागे, कळत नाही मला."

कानाखालच्या लाळग्रंथीतून चेहऱ्याची नस जाते. साधी गाठ लिंबाएवढी झाली तरी त्या नसेला बाजूला सारते, तिला खात नाही. गाठ आहे आणि चेहरा ओघळलाय, एवढं ऐकलं की पुढचं बघायच्या आधीच आमच्या धंद्यातला माणूस गप्प होतो.

"छातीचा फोटो काढला का?" मी विचारलं.

"दोन्ही फुप्फुसांत बारीक बारीक ठिपके आहेत म्हणे."

मी चष्मा काढून पुसत बसले. कर्करोगाची ही जात औषधाला फारशी जुमानत नाही. सावकाश वाढते, वर्षानुवर्षं घेते, पण एकदा फुप्फुसात गेली की परत फिरत नाही. हे वहिनींना कोणत्या तोंडाने सांगायचं?

"सांगू नका," त्याच म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलंय सगळं. मी त्यासाठी आले नाही. हे रोज एकच धोशा लावतात, माझ्या स्लाइड्स कुणी नीट बघितल्या नाहीत ते मला कळू दे. म्हणाले, बाईंना सांग. बाई शोधतील आणि लपवणार नाहीत."

मी मान हलवली.

"आणि बाई, सोमवारी चौकशी समिती बसतेय. साहेबांनी नाव दिलंसुद्धा. धाकटीचं. तुमच्यानंतर आलेली ती डॉक्टर पोरगी, तिला सगळे धाकटीच म्हणतात."

२

साहेब म्हणजे माझाच विद्यार्थी. मी निवृत्त झाल्यावर माझ्या खुर्चीत बसला. हुशार, भराभर काम उरकणारा, आणि मला बघून उठून उभा राहणारा. त्या दिवशीही उभा राहिला, पण हात मात्र खिशात होते.

"बाई, तुम्ही उगाच त्रास घेतलात."

"त्रास दादांना होतोय. बस खाली. कोणाला नाही दिसलं?"

त्याने टेबलावरच्या ट्रेकडे बोट दाखवलं. ट्रेमध्ये ओळीने स्लाइड्स, आणि बऱ्याच स्लाइड्सवर निळ्या मार्करची छोटी टिंबं. माझ्या वेळी हे मी चालू दिलं नव्हतं. आता पद्धत अशी, की शिकाऊ डॉक्टर आधी सगळ्या स्लाइड्स बघतो, काही वावगं दिसलं तर त्या जागेवर काचेवर टिंब लावतो, आणि मोठा डॉक्टर टिंबावर भिंग नेऊन निर्णय देतो. वेळ वाचतो, कबूल. पण टिंब लावलं की डोळा तिथेच चरतो आणि बाकीचं रान मोकळं राहतं, असं मी जन्मभर बजावत आले. माझ्या टेबलावर टिंब लावलेली स्लाइड आली की मी ती दादांकडे परत पाठवायची, पुसून आणा म्हणून. नवीन मुलं आली की दादा माझ्या आवाजात माझी नक्कल करून दाखवायचे, "कोरी स्लाइड आणा! म्हणजे झक मारत सगळी बघावी लागते!" मुलं हसून लोळायची. मला हे सगळं माहीत होतं बरं का.

"तेव्हा धाकटी शिकाऊ होती," साहेब म्हणाला. "सहा स्लाइड्स होत्या दादांच्या. एकीवरही टिंब नव्हतं. म्हणजे तिला काही वाटलं नाही."

"आणि तुला?"

"बाई, त्या दिवशी माझ्यासमोर शंभरावर स्लाइड्स होत्या. ऑपरेशनआधीची सुईची तपासणी साधी आली होती. टिंब नाही. मी प्रत्येक स्लाइडवर दोन-तीन जागा बघितल्या, सगळीकडे साधीच गाठ. सही केली."

"आपल्या दादांची गाठ होती रे ती."

तो काही बोलला नाही. खोटं बोलत असता तर पटकन बोलला असता, एवढं मी त्याला ओळखते. पण मी जिला ओळखतच नव्हते, त्या पोरीच्या नोकरीवर हा सोमवारी नांगर फिरवणार होता.

"आधी सर्जनला फोन लाव," मी म्हणाले. "आणि मग कपाटातून त्या सहा स्लाइड्स काढ. कदाचित तुम्ही दोघं उगाच भांडताय. कदाचित त्या स्लाइड्स दादांच्या नाहीतच."

३

सर्जन फोनवर थकल्यासारखा बोलत होता. "गाठ बारा वर्षं जुनी होती, बाई. त्यांनीच अंगावर काढली. शेवटच्या सहा महिन्यांत एकाएकी वाढली म्हणून आले. चेहरा तेव्हा ठणठणीत होता. मी नस वाचवून गाठ काढली, अख्खी पाठवली. रिपोर्ट साधा आला, म्हणून पुढे काही केलं नाही. तुमच्या प्रयोगशाळेने कर्करोग म्हटलं असतं, तर मी आणखी मोठं ऑपरेशन केलं असतं, रेडिएशन दिलं असतं."

"फरक पडला असता?"

"कुणी सांगावं! पडला असता बहुतेक."

मी फोन ठेवला. बारा वर्षं गप्प बसलेली गाठ आणि अचानक वाढ, हे ऐकूनच माझे कान उभे राहिले होते. साध्या गाठीच्या पोटात वर्षानुवर्षांनी कर्करोग उपजतो कधी कधी. बाहेरून सगळं घर सभ्य, आणि माडीवरच्या एका खोलीत भलताच भाडेकरू. सुई टोचून चार पेशी काढल्या, तर सुई ज्या खोलीत शिरली तिचीच हकिगत सांगते. म्हणून अख्खी गाठ काढल्यावर तिचा कोपरान् कोपरा बघावा लागतो.

आधी स्लाइड्स दादांच्याच आहेत का, ते बघितलं. मेणाचे मूळ ठोकळे मागवले. ठोकळ्यातल्या तुकड्याची कड आणि काचेवरच्या कापाची कड जुळावी लागते. सहाच्या सहा जुळल्या. अदलाबदल नव्हती. आणि काप असे नितळ, एक सुरकुती नाही की एक ओरखडा नाही, की मला कापणाऱ्याचा हात ओळखता आला. दादांनी स्वतःच्या गाठीचे काप स्वतःच काढले होते.

मग मायक्रोस्कोपवर बसले. पहिली साधी. दुसरी साधी. तिसरी, तीच गुळगुळीत जुनी गाठ. चौथी मी वरच्या कोपऱ्यापासून सुरू केली, शेत नांगरावं तशी ओळीने, एक इंचही न सोडता. आणि अगदी खालच्या कडेला, जिथे गाठ संपते, तिथे कर्करोगाची ती जागा भेटली. पेशींचे काळे पुंजके, चाळणीसारखी गोल गोल भोकं, आणि मधोमध एक बारीक नस. त्या पुंजक्यांनी तिला चहूबाजूंनी वेढून टाकलं होतं.

तीन वर्षं ती तिथेच होती. ज्वारीच्या दाण्याएवढी जागा. मी खुर्चीत मागे रेलले. मला कुणाला तरी कानफटवावंसं वाटत होतं.

स्लाइडवर खरंच टिंब नव्हतं. म्हणजे साहेब खरं बोलत होता, आणि पोरगी आंधळी होती. मी असं ठरवूनही टाकलं. मग दारावर टकटक झाली आणि ती स्वतःच आत आली. तिच्या हातात एक वही होती.

४

धाकटी उभीच राहिली. बस म्हटलं तरी बसेना. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"बाई, मी टिंब लावलं होतं."

"कुठे?"

"चौथीवर. खालच्या कडेला."

मी तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं. स्लाइड मायक्रोस्कोपखाली होती आणि दाराकडून तिचा आकडा दिसणं शक्य नव्हतं. तिने वही उघडून माझ्यापुढे धरली. शिकाऊ डॉक्टर ठेवतात तशी कच्ची वही, तीन वर्षांपूर्वीचं पान, घाईचं अक्षर: "दादा. ६ स्लाइड. ४, खालची कड, नसेभोवती? टिंब."

"हे तू काल रात्री लिहिलं नाहीस कशावरून?" मी तिरसटपणे विचारलं. माझी जीभ तशी खाष्टच आहे.

"पुढची दोनशे पानं भरलीत, बाई. मधे कुठून लिहू?"

ते खरं होतं. आगेमागे त्याच दिवसाच्या नोंदी होत्या, त्याच शाईत.

"मग साहेबांना तोंडाने का नाही सांगितलंस? दादांची केस होती!"

"टिंब लावलं की बोलायचं नाही, अशीच पद्धत आहे इथे. बोललं की साहेब म्हणतात, मला डोळे आहेत. आणि दुसऱ्या दिवशी आईला दवाखान्यात ठेवलं, मी गावी गेले. परत आले तेव्हा दादा पेढ्याऐवजी बिस्किटं वाटत होते, साधी निघाली म्हणून." तिचा आवाज फुटला. "मला वाटलं, साहेबांनी टिंब बघितलं असेल आणि मी चुकले असेन. मी कोण त्यांना विचारणारी? बरं झालं चुकले, असं वाटलं मला. मी दोन बिस्किटं खाल्ली, बाई."

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण मी तशी बाई नाही, त्यामुळे मी रुमाल पुढे केला आणि तिला बाहेर पाठवलं.

आता दोघंही खरं बोलत होते. एक म्हणते टिंब लावलं, दुसरा म्हणतो नव्हतं. मी चौथी स्लाइड मायक्रोस्कोपखालून काढली, खिडकीपाशी नेली आणि उजेडात तिरपी धरली. काच लखलखीत होती. मात्र टोकाला चिकटवलेल्या कागदी स्टिकरचा एक कोपरा सुटला होता, आणि त्या कोपऱ्याखालून काहीतरी निळं डोकावत होतं.

५

स्टिकर मी नखाने हळूच सोलला. खाली काचेच्या खरबरीत टोकावर पेन्सिलने लिहिलेला आकडा होता, जसाच्या तसा. त्यावरून निळ्या शाईचा एक फिकट फराटा गेला होता. मार्करचं टिंब स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं की असा फराटा उठतो. गुळगुळीत काचेवरची शाई निघून जाते, खरबरीत भागात मात्र थोडी अडकून बसते. पेन्सिलला स्पिरिटने काही होत नाही.

म्हणजे टिंब होतं. पोरगी सुटली. पण ते पुसलं कोणी?

माझा पहिला संशय साहेबावर. दादांचा नवा रिपोर्ट आल्यावर घाबरून त्याने कपाट उघडलं असेल, आपली चूक पुसली असेल. मला क्षणभर बरंही वाटलं, कारण आता कानफटवायला गाल सापडला होता. पण निळा फराटा स्टिकरच्या खाली होता. स्टिकर कधी लागतो? साहेबाने सही केली की टायपिस्ट तिथेच, त्याच्यासमोर चिकटवतो आणि स्लाइड कपाटात जाते. तीन वर्षांचा जुना पिवळा स्टिकर, त्याचा डिंकही वाळलेला. म्हणजे टिंब सहीच्या आधी पुसलं गेलं. त्या दिवशी साहेबाला लपवायला काही नव्हतंच. त्याच्यापुढे स्लाइड आली तीच कोरी.

त्याच दिवसाचे बाकीचे ट्रे मी काढायला लावले. टिंबं जागच्या जागी होती, एकूण एक. आणि दादांच्या उरलेल्या पाच काचाही चौथीसारख्याच लखलखीत होत्या, म्हणजे पुसणाऱ्याने फक्त या सहा काचा पुसल्या होत्या. निष्काळजी माणूस ट्रेच्या ट्रे पुसतो. वाईट माणूस एक टिंब पुसतो. सहाच्या सहा काचा इतक्या लखलखीत करणारा माणूस त्या स्लाइड्सना जपणारा होता.

धाकटीच्या टेबलावरून साहेबाच्या टेबलावर ट्रे कोण नेतो, हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती. एकतीस वर्षं एकच माणूस नेत होता.

पण का? स्वतःच्या जिवाचं टिंब माणूस का पुसेल? मी खुर्चीत बसून राहिले. बाहेर कॉरिडॉरमध्ये कोणीतरी नवीन मुलाला रागावत होतं. आणि माझ्या कानात माझाच आवाज आला, दादांनी काढलेला. "कोरी स्लाइड आणा! म्हणजे झक मारत सगळी बघावी लागते!"

मी बेसिनपाशी गेले आणि नळ सोडून नुसती उभी राहिले.

६

दादा खिडकीपाशी आरामखुर्चीत बसले होते. उजव्या डोळ्यावर ओली पट्टी, तोंड एका बाजूला ओढलेलं. वहिनी माझ्यासाठी पाणी ठेवून आत गेल्या.

"कळलं?" दादांनी विचारलं. शब्द कडेने सांडत होते.

वाटेत मी दहा वाक्यं घोकली होती. एकही तोंडात येईना. "कळलं," मी म्हणाले. "चूक माझी आहे."

ते हसले, अर्ध्याच चेहऱ्याने. "तुम्ही तेव्हा निवृत्त होतात, बाई. घरी होतात."

"तरी माझीच."

"धाकटी?"

"तिची नाही. ती बरोबर होती."

दादांचा उघडा डोळा माझ्यावर खिळला. ते अडाणी थोडेच होते! एकतीस वर्षं त्यांनी आमच्यासारख्यांच्या चुका बघितल्या होत्या, आणि बऱ्याच आमच्या आधी ओळखल्या होत्या. मी पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला.

"टिंब होतं?" त्यांनी हळू विचारलं.

"होतं."

"किती नंबरला?"

"चौथी," मी म्हणाले. बाई लपवणार नाहीत, असं त्यांनीच सांगितलं होतं ना!

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गच्चीवर कुणी चादरी वाळत घालत होतं. सगळ्या चादरी घालून होईपर्यंत ते तिकडेच बघत राहिले.

"टिंबं असली की साहेब तेवढंच बघतात," ते म्हणाले. "मला वाटलं, आपली आहे, तर तुमच्या पद्धतीने बघितली जावी. अख्खी. म्हणून स्पिरिट लावून चांगली चकाचक केली."

"मला माहीत आहे."

"कुठे टिंब आहे की नाही, तेही बघितलं नाही मी. भीती वाटली." त्यांनी हाताच्या पाठीने ओठाची कड पुसली. "आता काही करता येईल, बाई?"

आयुष्यभर लोक मला हा प्रश्न कागदावरून विचारत आले आणि मी कागदावरच उत्तर दिलं. समोर बसून एकदाही द्यावं लागलं नव्हतं. रेडिएशनने दुखणं कमी होईल, डोळ्यासाठी काही करता येईल, वर्षं मिळतील कदाचित, असं मी सांगितलं. ते ऐकत राहिले. मी रडत होते आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

"हिला सांगू नका," त्यांनी आतल्या खोलीकडे मान केली. "हिला सांगा, यंत्र बिघडलं होतं. पण समितीत सगळं सांगा. धाकटीच्या माथी नको. तिला म्हणावं, तुझं बरोबर होतं, दादांनी सांगितलंय."

"साहेब?"

"साहेब अख्खी बघतील आता." ते परत हसले. "आणली आहे का?"

मी पर्स उघडली आणि रुमालात गुंडाळलेली चौथी स्लाइड त्यांच्या हातात दिली. नियमात बसत नव्हतं, पण नियमांचं फळ समोर बसलं होतं. त्यांनी ती सवयीने कडांना धरली, बोट मधे लागू न देता, आणि उजेडात वर केली. मायक्रोस्कोपशिवाय त्यात काय दिसणार? एक फिकट गुलाबी काप, नखाएवढा. ते डाव्या डोळ्याने बराच वेळ बघत होते. ओठांचा चंबू करून त्यांनी हवा सोडली. शीळ आली नाही, नुसता वारा आला.

"कापलंय मात्र छान," दादा म्हणाले. "नाही?"

"सुंदर कापलंय," मी म्हणाले.